धर्माची गाय आणि तिचे दात

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार काढून घेतला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारण २०१८ च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे जुन्या यंत्रांवर ती अधिकृतपणे चढत नाही. परिणामी धडधाकट चालणारे पण कागदोपत्री बाद झालेले संगणक जगभरच्या कचेऱ्यांतून निघू लागले. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३ च्या अखेरीस अशा यंत्रांचा अंदाज २४ कोटी असा दिला होता. एवढ्या यंत्रांचं करायचं काय, हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, गरीब देशांतल्या शाळांना देऊन टाका.

ही सूचना तीस वर्षं जुनी आहे. तिच्यावर संस्था उभ्या राहिल्या, तिच्या आडून कचरा लोटला गेला आणि तिचे शिस्तशीर अभ्यासही झाले. मत बनवायला पुरेसा ऐवज आता हाताशी आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. यंत्र जुनं आहे की नवं, याला लोक समजतात तेवढं महत्त्व नाही. घेणाऱ्या शाळेला ‘नको’ म्हणण्याची सोय आहे का, यावर बरंचसं ठरतं. आपल्याकडे ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ असं म्हणून घेणाऱ्याचं तोंड बंद करतात. या व्यवहारात मात्र ज्यांनी दात मोजून गाय घेतली, तिनं दूध त्यांनाच दिलं.

देणाऱ्याची बाजू समजून घ्यायला कंपनीचा हिशेब पाहावा. आपल्या प्राप्तिकराच्या नियमांत संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या शेवटी वहीतली किंमत मूळच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यावर येते. वहीत मेलेलं हे यंत्र टेबलावर जिवंत असतं. ते घडवायला लागलेला खर्च तर आधीच होऊन गेलेला असतो. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००४ च्या अभ्यासानुसार १७ इंची मॉनिटरसह एक डेस्कटॉप बनवायला किमान २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायनं आणि दीड टन पाणी लागत होतं. असं यंत्र चार वर्षांत मोडीत काढण्यापेक्षा आणखी चार वर्षं वापरलेलं बरं, हा मुद्दा खोडून काढता येत नाही. पुनर्वापराची बाजू इथं भक्कम आहे.

कॅनडाने १९९३ मध्ये सरकारी पातळीवर ‘कॉम्प्युटर्स फॉर स्कूल्स’ सुरू केलं. सरकारी खात्यांतले आणि कंपन्यांतले जुने संगणक टेलिफोन कंपन्यांतल्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मदतीने दुरुस्त करून देशातल्याच शाळांना द्यायचे, अशी ती योजना होती. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये ‘कॉम्प्युटर एड इंटरनॅशनल’ आणि १९९९ मध्ये अमेरिकेत ‘वर्ल्ड कॉम्प्युटर एक्स्चेंज’ उभी राहिली. २००० मध्ये कोलंबियाने कॅनडाचा नमुना उचलून ‘कोम्पुतादोरेस पारा एदुकार’ काढली. २००५ मध्ये आयर्लंडमध्ये ‘कामारा’ आली आणि तिने इथिओपिया, केनिया, लेसोथो अशा देशांत काम केलं. या सगळ्यांची नावं सरसकट ‘दानसंस्था’ म्हणून घेतली जातात, पण त्यांतल्या नीट चाललेल्या काही संस्था फुकट काही देत नव्हत्या. कॉम्प्युटर एड तपासणी, दुरुस्ती आणि माहिती पुसण्याचा खर्च भागेल एवढं शुल्क घेणाऱ्या संस्थेकडून आकारत असे. वरवर हे कंजूसपणाचं वाटतं. पण पैसे मोजणारा माणूस तक्रार करतो, बदलून मागतो, ‘हा मॉडेल नको’ म्हणतो. फुकट घेणारा आभाराचं पत्र लिहितो.

केनियातली ‘कॉम्प्युटर्स फॉर स्कूल्स केनिया’ ही २००२ ची संस्था याचं चांगलं उदाहरण. परदेशातून येणारे संगणक ती शाळांना देत असे, पण आधी शाळेने खोली तयार करायची, खिडक्यांना गज बसवायचे, वीज आणायची, शिक्षकांना प्रशिक्षणाला पाठवायचं. हे झालं की मग यंत्रं. बिघडलेली यंत्रं जाणार कुठं, हा प्रश्न पुढे सतावू लागला, तेव्हा त्याच कामातून नैरोबीत ई-कचरा हाताळणारं केंद्र उभं राहिलं. संगणक द्यायला निघालेल्या संस्थेला शेवटी भंगाराचं काम करावं लागलं, हे मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत प्रामाणिक वळण वाटतं.

नामिबियात २००० मध्ये सुरू झालेल्या ‘स्कूलनेट नामिबिया’ने तांत्रिक बाजूने आणखी डोकं लावलं. देश अवाढव्य, वस्ती विरळ, अनेक शाळांना वीज नाही. त्यांनी वर्गात एक दणकट सर्व्हर ठेवला आणि बाकीच्या जुन्या यंत्रांना फक्त पडदा आणि कळफलकापुरतं कामाला लावलं. या मांडणीला थिन क्लायंट म्हणतात. सगळं गणित सर्व्हर करतो, त्यामुळे म्हाताऱ्या यंत्राला हार्ड डिस्कही लागत नाही. बिघडण्यासारखा सर्वांत मोठा भाग काढूनच टाकलेला. वर लिनक्स, म्हणजे परवान्याचा खर्च नाही. जिथं वीज नाही तिथं सौर पत्रे. शाळा सोडून घरी बसलेल्या पोरांना शिकवून त्यांनाच बसवणी-दुरुस्तीला पाठवत. आणि शिक्षकांना हे सगळं कळावं म्हणून वर्तमानपत्रातून ‘हाय टी!’ नावाची चित्रकथाही चालवली. दशक संपता संपता मात्र संस्था थांबली. काम चांगलं असून संस्था का थांबतात, याचं उत्तर आपल्याला आपल्याच गावातल्या वाचनालयांवरून ठाऊक आहे. इमारतीला देणगीदार मिळतो, ग्रंथपालाच्या पगाराला मिळत नाही.

आता मूळ प्रश्न. संगणक पोचले, चालूही झाले, तर मुलं जास्त शिकतात का?

कोलंबियाच्या योजनेवर फेलिपे बॅरेरा-ओसोरिओ आणि ली लिंडेन यांनी केलेला अभ्यास २००९ मध्ये आला. ९७ शाळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यदृच्छेने निवडून, काहींना खाजगी कंपन्यांनी दिलेले संगणक आणि शिक्षकांना प्रशिक्षण, काहींना काही नाही, अशी दोन वर्षं तुलना केली. शाळांतले संगणक वाढले, प्रशिक्षित शिक्षक वाढले, मुलांच्या गुणांत जवळपास काही फरक पडला नाही. कारणही सापडलं. स्पॅनिश भाषा चांगली शिकवता यावी म्हणून यंत्रं दिली होती. शिक्षकांनी ती वापरली मुख्यतः ‘संगणक’ हा विषय शिकवायला. माऊस कसा धरायचा, फाईल कशी जतन करायची वगैरे. आपल्याकडे कुठल्याही शाळेच्या संगणक कक्षात डोकावलेल्या माणसाला यात काही नवल वाटू नये. पुढच्या, जास्त वर्षं पाहणाऱ्या अभ्यासात याच योजनेमुळे शाळागळती कमी झाल्याचं दिसलं, तेही नोंदवायला हवं. म्हणजे सगळं पाण्यात गेलं असं नाही, पण जे मागितलं होतं ते मिळालं नाही.

याच्या शेजारी बडोद्याचं उदाहरण ठेवलं की चित्र उलटं होतं. २००० मध्ये गुजरात सरकारने बडोद्याच्या महापालिकेच्या शंभर प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. बऱ्याच ठिकाणी ते धूळ खात होते. मग ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ तयार केले. एका संगणकावर दोन मुलं, आठवड्याला दोन तास, त्यांतला एक शाळेच्या वेळेत आणि एक शाळेच्या आधी किंवा नंतर, सोबत एक शिकवलेला स्थानिक तरुण. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि लिंडेन यांच्या २००७ च्या निबंधात पहिल्या वर्षी गणिताचे गुण ०.३५ आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलनाने वाढल्याची नोंद आहे. शिक्षणाच्या अभ्यासांत एवढा परिणाम क्वचित दिसतो. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा ओसरला, हेही त्याच निबंधात आहे. लिंडेन दोन्ही अभ्यासांत आहेत. बडोद्यात मुलानं त्या तासात नेमकं काय करायचं हे आधी ठरलेलं होतं, आणि ते करून घ्यायला माणूस होता. फरक एवढ्यातच आहे.

नवं यंत्र दिलं म्हणून प्रश्न सुटतो का, तर नाही. निकोलस नेग्रोपोंटी यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. भारताच्या शिक्षण खात्याने २००६ मध्ये शैक्षणिकदृष्ट्या संशयास्पद म्हणून ती नाकारली. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट या छोट्या वस्तीशाळेत तिचा प्रयोग झालाच आणि पोपटी-पांढऱ्या लॅपटॉपांसह हसणाऱ्या मुलांचे फोटो जगभर फिरले. पेरूने हीच यंत्रं लाखांनी घेतली. ३१९ शाळांच्या २०१२ च्या अभ्यासात गणित आणि भाषेत काही फरक आढळला नाही. यंत्र कोरं करकरीत होतं, पण कामाची आखणी तेवढीच कच्ची होती.

महाराष्ट्रालाही हे ऐकीव नाही. केंद्राच्या आयसीटी योजनेत माध्यमिक शाळांना प्रयोगशाळा मिळाल्या, कंपन्यांनी पाच वर्षांच्या करारावर संगणक शिक्षक नेमले. करार संपले, शिक्षक आझाद मैदानावर उपोषणाला बसले आणि प्रयोगशाळांना कुलपं लागली. २०२३-२४ च्या यूडायस प्लस या सरकारी शालेय आकडेवारीत देशातल्या ५७.२ टक्के शाळांत संगणक होते. म्हणजे दर सात शाळांपैकी सुमारे तिघींना तेव्हाही पहिल्या यंत्राची वाट होती. जुन्या संगणकांची गरज नाही असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. गरज आहे यावर उड्या मारणाऱ्यांनी ‘आहेत’ आणि ‘वापरले जातात’ यांतलं अंतर पाहावं.

कचऱ्याच्या बाजूला येऊ. ‘बासेल ॲक्शन नेटवर्क’ने २००२ मध्ये चीनमधल्या गुइयूचं आणि २००५ मध्ये नायजेरियातल्या लागोसचं ई-कचऱ्याचं चित्र जगापुढे मांडलं. लागोसच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेचा दाखला देऊन तिथं सांगितलं गेलं की येणाऱ्या मालातला ७५ टक्क्यांपर्यंत माल निव्वळ भंगार असतो. हा आकडा इतका पसरला की ‘आफ्रिकेत जाणारा तीन चतुर्थांश माल कचरा’ हे जणू सिद्ध झालेलं सत्य बनलं. नंतरच्या मोजणीत तो टिकला नाही. घानाच्या २००९ च्या आकड्यांवरून संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमाने काढलेला निष्कर्ष असा की वापरलेल्या मालातला सुमारे १५ टक्के माल दुरुस्तीपलीकडचा होता. बंद अवस्थेत आलेल्या मालापैकी निम्मा तिथल्याच कारागिरांनी चालू केला. लागोस बंदरात २०१५-१६ मध्ये झालेल्या तपासणीत वर्षाला सुमारे ६० हजार टन वापरलेली विद्युत उपकरणं येत असल्याचं, त्यातली किमान १९ टक्के बंद असल्याचं दिसलं. आणि त्यातला बहुतांश माल जुन्या मोटारींच्या पोटात ठासून येत होता. शाळेच्या नावचा कंटेनर या ओघात किरकोळ. मुख्य ओघ व्यापाराचा आहे, आणि लागोसच्या ‘कॉम्प्युटर व्हिलेज’मध्ये किंवा आपल्या मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर त्या व्यापारावर हजारो घरं चालतात.

पण १५ टक्के किंवा १९ टक्के म्हणजे थोडं नव्हे. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये किलो-दोन किलो शिसं असतं. अक्राच्या आग्बोग्ब्लोशीत तांब्यासाठी केबली जाळणाऱ्या पोरांच्या नाकातोंडात जाणारा धूर खरा होता. घाना सरकारने जुलै २०२१ मध्ये ती जागा बुलडोझरने सपाट केली. काम थांबलं नाही, आजूबाजूला विखुरलं. देणाऱ्यालाही चटका बसतो. २००९ मध्ये अमेरिकेतल्या पीबीएस वाहिनीच्या ‘फ्रंटलाइन’ कार्यक्रमासाठी गेलेल्या पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी घानात किरकोळ किमतीला विकत घेतलेल्या एका हार्ड डिस्कवर नॉर्थ्रॉप ग्रुमन या शस्त्रास्त्र कंपनीच्या सरकारी कंत्राटांची कागदपत्रं निघाली. ‘डिलीट’ दाबणं म्हणजे पुसणं नव्हे, हे तेव्हापासून कंपन्यांना कळलं. त्याचा दुसरा टोकाचा परिणाम असा, की आज अनेक कंपन्या डिस्क काढून चुरा करतात आणि बिनडिस्कचा सांगाडा शाळेला देतात.

भारतात दानाच्या नावाखाली भंगार खपवण्याचं सोंग वेगळ्या रूपात आलं. शाळा आणि धर्मादाय संस्थांना दान म्हणून येणाऱ्या जुन्या संगणकांना एकेकाळी आयात शुल्कातून सूट होती. तिच्या आडून भंगार येऊ लागलं आणि २०१० च्या सुमारास ती बंद झाली. आज परदेशातून जुना संगणक आणणं म्हणजे परवान्यांचं जंगल. ते योग्यच आहे असं मला वाटतं, कारण देशातल्या देशातच आता पुरेशी जुनी यंत्रं निघतात. पण ती सूट निव्वळ लबाडीच होती असंही नाही. २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत अमेरिकेतल्या गोंयकारांच्या पुढाकाराने ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ चालला. वापरलेले शेकडो संगणक कंटेनरने गोव्यात आणून, त्यांवर लिनक्स घालून गावोगावच्या शाळांना देण्यात आले. मायक्रोसॉफ्टचे परवाने घेतले असते तर फुकटचं यंत्र महाग पडलं असतं. आज परदेशस्थ मराठी माणसाला कायदेशीर वाट उरली आहे ती सामानातून एक लॅपटॉप आणण्याची, त्यावर शुल्क लागत नाही. ‘लॅबडू’ ही संस्था नेमक्या याच वाटेने, प्रवाशांच्या बॅगेतून, जगभर जुने लॅपटॉप पोचवते. कंटेनर नाही, जहाजाचं भाडं नाही. संख्या थोडी, पण प्रत्येक यंत्र कुणाच्या हाती गेलं ते ठाऊक.

देशातल्या देणगीचं रूप साधारण असं असतं. पुण्यातल्या कंपनीतून फोन येतो, “सर, आमच्याकडे वीस पीसी निघालेत. गुरुवारी टेम्पो पाठवू का?” मुख्याध्यापक म्हणतात, “पाठवा ना साहेब, उपकार होतील.” प्रोसेसर कोणता, रॅम किती, डिस्क आहेत का, यूपीएस मिळेल का, यातलं काही विचारलं जात नाही. उपकाराला अटी घालणं वाईट दिसतं ना. टेम्पो येतो, हार-नारळ होतो, फोटो सीएसआर अहवालात जातो.

आणि मग एक क्षुल्लक वस्तू सगळा खेळ मोडते. प्रत्येक मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२, मनगटी घड्याळाच्या सेलचा थोरला भाऊ. यंत्र बंद असतानाही तारीख-वेळ सांभाळणं त्याचं काम. सात-आठ वर्षांच्या यंत्रात तो बहुधा मेलेला असतो. सकाळी संगणक चालू केला की त्याच्या लेखी २०१५ सालचा एक जानेवारी उजाडतो. एखादं बटण दाबा म्हणून काळ्या पडद्यावर इंग्रजीत सूचना येते. ती ओलांडून इंटरनेट उघडलं, तर ब्राउझर म्हणतो ही साइट सुरक्षित नाही, कारण साइटचं प्रमाणपत्र त्याच्या तारखेनुसार अजून जन्मालाच आलेलं नाही. शिक्षक निष्कर्ष काढतात, नेट बंद आहे. तालुक्याहून माणूस यायला दोन आठवडे. वीस-तीस रुपयांचा सेल, दोन मिनिटांचं काम. चांगल्या दुरुस्ती केंद्रात हा सेल न विचारता बदलतात. त्याबरोबर पंख्यातली धूळ उडवतात, फुगलेले कपॅसिटर पाहतात, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलतात, फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी घालतात. या शेवटच्या बदलाने २०१६ चा लॅपटॉप इतका चपळ होतो की शाळेला नव्याची आठवण येऊ नये. फुगलेली बॅटरी मात्र लगेच काढावी, ती पेट घेऊ शकते.

विजेचं गणितही पाठवणारा धरत नाही. काचेच्या मॉनिटरचा जुना डेस्कटॉप दीडशे वॅटच्या आसपास खातो, लॅपटॉप तीस-चाळीस. दहा यंत्रांच्या खोलीत हा फरक इन्व्हर्टर टिकतो की नाही याचा आहे.

आता या यंत्रांचा शेवट. सरकारी शाळेत आलेली वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढते, ज्याला सगळे डेडस्टॉक म्हणतात. एकदा चढली की निर्लेखन, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी करणं, झाल्याशिवाय ती बाहेर काढता येत नाही. निर्लेखनाला प्रस्ताव, समिती, मंजुरी. त्यापेक्षा मेलेलं यंत्र कापडाखाली झाकून ठेवणं मुख्याध्यापकांना सोपं जातं. बदलीच्या वेळी पुढच्यांच्या ताब्यात नोंदवही जुळवून दिली की काम झालं. वीस संगणकांची खोली पाच वर्षांत अशी गोदाम होते, आणि नव्या देणगीला ‘जागा नाही’ म्हणायचीही सोय राहत नाही, कारण कागदावर तिथं प्रयोगशाळा आहे.

नियमांची चौकट मात्र आता बरी आहे. १ जानेवारी २०२५ पासून बासेल कराराच्या सुधारणेनुसार कुठलाही ई-कचरा, घातक असो वा नसो, घेणाऱ्या देशाच्या पूर्वसंमतीशिवाय सीमा ओलांडू शकत नाही. ‘नको’ म्हणण्याचा अधिकार निदान देशांना मिळाला. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच नोंदणीकृत मार्गाने गोळा झाला, हे पाहता उशीरच झाला. आपल्याकडे २०२३ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांनाही नोंदणीच्या चौकटीत घेतलं आहे. शिवाय पूर्वी ज्याचं मोठं अडत असे, तो मजकूर आता इंटरनेटशिवाय मिळतो. किविक्समधून मराठी विकिपीडिया पेनड्राइव्हवर येतो, कोलिब्रीसारख्या प्रणालीतून धडे आणि सराव एका सर्व्हरवरून सगळ्या वर्गाला देता येतात. विंडोज १० बरोबर बाद ठरलेलं यंत्र यासाठी गरजेपेक्षा तगडंच आहे.

न सुटलेली गाठ परतीच्या फेरीची आहे. भंगारवाला दारात येतो, रोख पैसे मोजतो. नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्र जिल्ह्याच्या गावी असेलच असं नाही, आणि पन्नास किलोमीटरवरून मेलेले बारा मॉनिटर आणायला टेम्पोचं भाडं कोण देणार, हे देणगीपत्रात कुठंच नसतं. हे भाडं यंत्र देतानाच बाजूला काढून ठेवायला हवं, कंपनीच्या सीएसआर खर्चात धरून. आणि अहवालात ‘किती संगणक दिले’ या रकान्याशेजारी ‘किती परत नेले’ आणि ‘किती शाळांनी नाकारले’ असे आणखी दोन रकाने घालावेत.